मागून हाक

क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि सावनीला फुटपाथवर बाबांची पाठ दिसली. उसाच्या रसाच्या गाड्याभोवती पाच-सहा माणसं उभी होती, तिच्याकडे पाठ करून. त्यांतली एक पाठ तिच्या ओळखीची होती. निळ्या-करड्या चौकड्यांचा शर्ट आणि डाव्या खांद्याच्या शिवणीपाशी हिरवा डाग. तो डाग कुठल्याही साबणाने निघत नव्हता. निघणारही नव्हता, कारण तो क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा होता आणि हा रंग साबणालाच काय, ॲसिडलाही दाद देत नाही. एमएस्सीला असताना तिने आईला हे समजावून सांगितलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती, मग तुझं शिक्षण काय कामाचं. सावनी रिक्षातून अर्धी बाहेर वाकली. तोंड उघडलं. ‘बा’ ओठांपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

“क्या हुआ ताई, इधरच उतरना क्या?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

“नाही नाही. चला.”

सिग्नल सुटला. रिक्षा वळेपर्यंत तिला कळून चुकलं होतं की ते बाबा असणं शक्यच नाही. बाबांना घराच्या जिन्याच्या पायऱ्या कुणी धरल्याशिवाय उतरता येत नव्हत्या. श्रावणात अर्धांगाचा अटॅक आला तेव्हापासून उजवा हात आणि पाय त्यांचं ऐकत नव्हते, आणि आता तर होळी होऊन गेली होती. डोळ्यांनी आधी पाहिलं आणि डोकं मागाहून पोचलं, एवढंच झालं होतं. पण तिला खुपत होतं ते निराळंच. एवढ्या माणसांत बाबा दिसले असं क्षणभर खरंच वाटलं होतं, ते रस पितायत, आपल्या पायांवर उभे आहेत, असा आनंदही झाला होता, आणि तरी हाक बाहेर आली नाही. का आली नाही, ते तिला पक्कं माहीत होतं. तो माणूस रस पिऊन ग्लास ठेवत होता, म्हणजे निघाला होता. आणि निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते. लहानपणापासून घरात एवढा एकच नियम असा होता की त्यावर कुणी वाद घालत नसे. पूजाअर्चा न करणारे बाबासुद्धा नाहीत. चुकून हाक गेलीच, तर निघालेल्याने परत फिरायचं, घरात येऊन बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. जुनं निघणं तिथं संपतं. तिला आता नवल वाटत होतं ते याचं की हा नियम डोक्यात नव्हता, गळ्यात होता. डोकं पोचण्याच्या आत त्याने गळा दाबला होता.

गारखेड्याला घरी आली तेव्हा आई ओट्याशी बेसन भाजत होती.

“आई, बाबांचा तो चौकड्यांचा शर्ट कुठंय?”

“कुठला? डागाचा? बोहारणीला दिला की.” आईने कालथ्यानेच फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे बोट केलं. “हा आला त्याचा.”

“बाबांचा शर्ट देऊन डबा घेतलास?”

“मग काय त्याचा हार करून घालायचा होता? नुसत्या शर्टाला कोण देतंय एवढा डबा. माझ्या दोन साड्या गेल्यात त्यात. झाकण बघ किती घट्ट आहे. लाडू न्यायला तुला. तिकडं जर्मनीत थंडीनं काही बिघडायचं नाही म्हणतात.”

“मी अजून ठरवलं नाहीये.”

“तिकीट काढल्यावर ठरवतात का?” आई म्हणाली, आणि पुन्हा बेसनाकडे वळली.

आतल्या खोलीत बाबा होते. दाराकडे पाठ, तोंड खिडकीकडे. गेले काही आठवडे ते असेच बसत. सकाळी व्यायाम झाला की डाव्या हाताने खुर्ची फरशीवर थोडी-थोडी सरकवत, दमत, पण पुरती वळवून घेत. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. मागचं अंगण, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, एक शेवग्याचं झाड, पलीकडे भिंत. सावनी दारात उभी राहून त्या पाठीकडे पाहत राहिली. उजवा खांदा उतरलेला. मानेवरचे केस वाढलेले. कानामागे चष्म्याच्या काडीने पाडलेली खाच. पाठ किती सांगते आणि किती सांगत नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा, म्हणजे अनंतराव, चित्रकला शिक्षक. नोकरीची पहिली वर्षं देवगाव रंगारीला, मग शहरात. पाचवीच्या वर्गात ते आधी मुलांना एकमेकांच्या पाठी काढायला लावत. मुलं खिदळायची. “सर, तोंड काढू द्या की!” बाबा म्हणायचे, “तोंड काढलं की तुम्ही नुसते डोळे काढता. बटाट्याला पापण्या. पाठ काढा, म्हणजे माणूस येईल.” आणि खरंच यायचा. ओणवा बसणारा कृष्णा, दप्तराने एक खांदा खाली गेलेली गोजर. शिक्षकांच्या खोलीतले लोक हसत. घरी आजूबाजूचेही. कारण बाबांनी आईचंही असंच चित्र काढलं होतं, ओट्याशी उभी, पाठमोरी, अंबाडा सुटत आलेला. ते त्यांनी बैठकीत लावलं तेव्हा एक मावशी म्हणाली होती, “पाठमोरी बाई भिंतीवर? रुसून गेल्यासारखी?” आई म्हणाली, “रुसलेलीच होते. गॅस संपला होता आणि हे चित्र काढत बसले होते.”

त्या चित्राच्या मुळाशी होतं एक कॅलेंडर. चिकलठाण्याच्या कारखान्यात एका विद्यार्थ्याचे वडील होते, तिथं जर्मनीहून यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर कॅलेंडरं. एक बाबांकडे पोचलं. वर्ष संपल्यावर त्यातलं एकच पान त्यांनी ठेवलं, पलंगाशेजारच्या भिंतीला टाचण्यांनी टोचून. त्यात एक बाई खिडकीशी उभी आहे, आपल्याकडे पाठ करून. खोली जवळजवळ रिकामी, तपकिरी. खिडकीच्या वरच्या भागात नुसतं आकाश, खाली उघडलेली एक फळी, आणि फळीपलीकडे झाडांचे शेंडे नि एका जहाजाची डोलकाठी. बाई किंचित डावीकडे झुकलेली. सावनी चार-पाच वर्षांची असताना एका दुपारी पलंगावर चढली होती. टाचण्या उपटून तिने ते पान उलटं केलं. मागे तिचा चेहरा असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. समोरून पाठ, मग मागून तोंड. मागे कोरा कागद होता. ती एवढी रडली की बाबा आंघोळ अर्धी टाकून आले. रागावले नाहीत. कोऱ्या बाजूकडे नुसती मान करून म्हणाले, “इथं नाही गं ती. तिचं तोंड तिकडं आहे, नदीकडं. तिकडून बघणाऱ्याला दिसतं.”

“तिकडं कसं जायचं?”

“लांब आहे,” बाबा म्हणाले होते. अंगावरचं पाणी कागदावर पडू नये म्हणून ते हात मागे धरून उभे होते, हे तिला अजून दिसतं.

ती बाई म्हणजे चित्रकाराची बायको, कारोलिना. चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश. दोनशे वर्षांपूर्वी ड्रेस्डेन नावाच्या गावात, एल्ब नदीच्या काठी, अशाच उघड्याबोडक्या खोलीत तो चित्रं काढायचा. बाबांनी हे सगळं कुठून कुठून मिळवलं होतं आणि जेवताना ते सांगत, शेजारच्या आळीतल्या माणसाबद्दल सांगावं तसं. “फ्रीडरिशच्या खोलीत फक्त चित्राची घोडी, खुर्ची आणि टेबल. आपल्यासारखी अडगळ नाही.” “अडगळ म्हणजे मी का?” असं आई विचारी. फ्रीडरिशची आई त्याच्या सातव्या वर्षी गेली. तेराव्या वर्षी बर्फावर तो आणि धाकटा भाऊ. बर्फ फुटला. सांगतात की कास्पारला वाचवायला गेला आणि भाऊच बुडाला, त्याच्या डोळ्यांदेखत. हे सांगताना बाबा नेहमी भाताचा घास तसाच धरून थांबत. पुढे जन्मभर त्याने पाठमोरी माणसं काढली. कड्यावर उभी, समुद्राकाठी उभी, चंद्राकडे पाहणारी. कुणीच वळत नाही. सावनीला मोठेपणी एकदा वाटून गेलं होतं की ती सगळी निघालेली माणसं आहेत आणि काढणारा त्यांना हाक मारत नाहीये, आपल्यासारखाच. मग तिला स्वतःचं हसू आलं. जर्मनीत कुठला आलाय हा नियम.

ती रसायनशास्त्राकडे गेली तीही बहुधा त्याच कागदामुळे. त्या काळचे चित्रकार आकाशाला एक निळा वापरत, स्मॉल्ट. म्हणजे कोबाल्ट घातलेली काच, दळून बारीक केलेली. तेलात कालवली की सुंदर दिसते. पण वर्षं जातात तसं काचेतलं पोटॅशियम झिरपून बाहेर येतं आणि निळा राखाडी होत जातो. म्हणजे आज आपण ज्याला उदास आकाश म्हणतो, ते काढलं तेव्हा कदाचित उदास नसेलही. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी तिने पुण्याहून बाबांना फोन केला होता. बाबा म्हणाले, “म्हणजे आपण उगाच त्याला दुःखी समजत होतो?” त्यावरच आता तिला तीन वर्षं काम करायचं होतं. तेही ड्रेस्डेनमध्येच. निवड झाल्याचं कळलं तेव्हा बाबांना काही वाटलं असेल तर ते त्यांना सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

कारण अटॅकने हातापायाबरोबर शब्दही नेले होते. एक शब्द तेवढा राहिला. “बरं.” भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. स्पीच थेरपीसाठी निशा नावाची मुलगी यायची. पडेगावची, स्कूटीवर, हसरी. “आज टाइमपास नाय करायचा हं सर,” असं म्हणत चित्रांची कार्डं मांडायची. “त्यांना समजतं सगळं, ताई. गोदाम भरलेलंय. दरवाजा जाम झालाय बस.” सावनीने ड्रेस्डेनचं सांगितलं तेव्हा बाबांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि ते “बरं” म्हणाले. त्या ‘बरं’वर ती कितीतरी दिवस जगत होती, त्याला उलटसुलट करून पाहत होती, कॅलेंडरच्या पानासारखं. जा, असं होतं ते? की जाऊ नकोस? की, असो?

मग एक दिवस, संक्रांतीच्या मागेपुढे, निशाने कार्डं बाजूला ठेवली आणि सावनीला समोर बसवलं. “सर, ही कोण? नाव सांगा पोरीचं.” बाबांनी पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. कपाळावर घाम आला. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वर-खाली होऊ लागला. सावनी हसत होती, हसायचं म्हणून, आणि मनात म्हणत होती, सोपंय बाबा, तुम्हीच ठेवलंय. बाबा म्हणाले, “बरं.” निशा म्हणाली, “काय हरकत नाय, व्हईल.” सावनी उठून ओट्याशी गेली आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसली. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाबांची खुर्ची खिडकीकडे वळली. त्यांनी आपल्याकडे पाठ केली, एवढाच अर्थ तिला लागला. एकदा तिने त्यांच्या डाव्या हातात ब्रश दिला, खालच्या बशीत पाण्यात कालवलेला तपकिरी. फ्रीडरिशलाही एकसष्टाव्या वर्षी असाच झटका आला होता, तेलरंग झेपेनात, तेव्हा तो परत तपकिरी शाईच्या छोट्या चित्रांकडे वळला होता, बाबांनीच सांगितलेलं. बाबांनी ब्रश पाहिला, तिच्याकडे पाहिलं, ब्रश नीट बशीच्या काठावर आडवा ठेवला, टोकाला रंग राहणार नाही असा पुसून, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तिला अपराध्यासारखं झालं. कुणाच्या तरी दुःखाचा आपण आपल्या सोयीने धडा केला असं.

म्हणूनच तिने ठरवलं नव्हतं. ड्रेस्डेनच्या प्रोफेसर बाईंना लिहायचा नकार तिच्या मनात तयार होता, सभ्य, चार ओळींचा. पाठवायचा तेवढा बाकी होता. ज्या माणसाकडून आपलं नावही उच्चारलं जात नाही, त्याला तीन वर्षं सोडून जायचं; आणि परत येईपर्यंत ते जर... इथं येऊन ती विचार करणं थांबवी आणि दुसऱ्याच गोष्टीत शिरे. स्कूटरच्या.

पुण्याला एमएस्सीला निघाली तेव्हाची गोष्ट. रिक्षात बसली, आईने दही दिलं, सगळं झालं, रिक्षा कोपऱ्यावरून वळली आणि मूळ कागदपत्रांची फाइल पलंगावर राहिली. बाबांच्या ते लगेच लक्षात आलं. रिक्षा अजून दिसत होती. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण बाबांनी हाक मारली नाही. स्कूटर काढली, गल्लीबोळांतून, बनियनवर, फाइल पोटाशी धरून, रिक्षाला वळसा घालून पुढे गेले आणि बसस्टँडच्या दारात आडवे उभे राहिले. रिक्षा समोरून आली तेव्हा ते धापा टाकत हसत होते. “मागून हाक मारायची नाही ना,” ते म्हणाले. “म्हणून पुढून आलो.” ती चिडली होती. “बाबा, तुम्ही विज्ञान मानता आणि...” बाबा म्हणाले, “मी मानतो. पण तू आमची एकच आहेस. प्रयोगाला दुसरी नाही.”

आता बाबांना पुढून येता येणार नव्हतं. ते कायम मागेच राहणार होते. खुर्चीत.

“तू काय त्यांचा हात धरून त्यांना बोलतं करणार आहेस का इथं बसून?” त्या संध्याकाळी आईने लाडू वळता वळता विचारलं.

“तसं नाही गं. पण मला कळायला तरी हवं त्यांना काय वाटतं ते.”

“तीस वर्षांत मला कळलं नाही. तुला आठवड्यात कळवून घ्यायचंय.” आईने एक लाडू हातात तोलला, चपटा वाटला म्हणून पुन्हा वळला. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सावे, जा तू. मी सांगते म्हणून जा. मला काहीतरी माहीत असेल म्हणून सांगत असेन ना.”

“काय माहीत आहे?”

“काही नाही. तूप कमी पडलंय.”

निघायचा दिवस आला तसा आला. नकार पाठवला गेला नाही. होकारही तिने मनातून दिलेला नव्हता. कपडे भरले, डबा भरला. दुपारचं विमान, चिकलठाण्याहून मुंबई, मग पुढे. गाडी खाली येऊन उभी राहिली. सावनी बाबांच्या पाया पडली. त्या दिवशी त्यांनी खुर्ची दाराकडे वळवून घेतली होती. त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, ठेवून दिला, उचललाच नाही. तिला तो हलकेच काढून त्यांच्या मांडीवर ठेवावा लागला. “येते बाबा,” ती म्हणाली. “बरं,” बाबा म्हणाले. आईने हातावर दही घातलं. सावनी बॅग ओढत दारापर्यंत गेली. आपली पाठ त्यांना दिसत असणार, हे तिला पाठीवर जाणवत होतं, ऊन जाणवावं तसं. उंबऱ्यात पाऊल टाकताना तिला वाटलं, आता मी त्या चित्रातली. आता मी वळायचं नाही.

“सा...”

ती थांबली.

मागे खुर्ची करकरली. श्वास आत ओढल्याचा आवाज आला, जड सामान उचलण्याआधी ओढतात तसा.

“सावू.”

बॅग हातातून सुटली आणि जिन्याच्या कठड्यावर आदळली. ती वळली तेव्हा बाबांचा चेहरा घामाने भिजला होता, तोंडाचा उजवा कोपरा थरथरत होता आणि ते तिच्याकडे असे पाहत होते जसे त्या दिवशी स्कूटरवरून पाहत होते. आईने कपाळाला हात लावला.

“निघताना मागून हाक! एवढ्या महिन्यांनी तोंड उघडलं ते हे!” तिचा आवाज फुटत होता, तरी तिने पाण्याचा तांब्या घेतला. “चल, ये आत. बस. पाणी पी. आता असं नाही जाता येत.”

सावनी आत आली. बाबांच्या पायाशी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि पाणी प्यायली. खाली गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. कुणी उठलं नाही. तिला हळूहळू कळत होतं की हा नियम बाबांना तिच्याइतकाच पाठ आहे; मागून हाक मारली की निघालेला परत येतो, बसतो, पाणी पितो. पुढून यायची सोय राहिली नव्हती, तेव्हा त्यांनी ही शोधली होती.

“रोज तेच करत होते,” आई म्हणाली. “खिडकीत बसून. मी खाली कपडे वाळत घालायला जाते, मला समोरूनच दिसायचं. तोंड हलवताहेत, हलवताहेत. आधी मला वाटलं जप करताहेत. म्हटलं, यांना कधीपासून देव सुचला. मग नीट बघितलं तर तुझं नाव. मी खालून बोलणार, तर ओठावर बोट ठेवलं. तुला सांगू नको म्हणून.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“तीस वर्षांत पहिल्यांदा मला काही गुपित सांगितलं त्यांनी,” आई म्हणाली.

म्हणजे ती दारात उभी राहून ज्या पाठीकडे इतके दिवस पाहत होती, तिच्या पलीकडे तिचंच नाव घडत होतं. राखाडी झालेलं आकाश आणि मुळातला निळा. तिला बाबांना काहीतरी विचारायचं होतं, ते सगळ्या आठवड्यांचं, जाऊ का, पण आता प्रश्न उरला नव्हता. जाऊ नकोस म्हणायचं असतं तर त्यांनी खुर्ची सरकवून दार अडवलं असतं. त्यांना ते येत होतं. त्यांना फक्त तिचं निघणं पुन्हा एकदा, नीट, हवं होतं.

“निघ आता,” आई म्हणाली. “आणि अहो, परत हाक मारू नका. विमान थांबत नसतं.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि या ‘बरं’चा अर्थ तिघांनाही कळला.

दुसऱ्यांदा निघताना हाक आली नाही. ती जिना उतरली, बॅग गाडीत ठेवली. गाडीवाला म्हणाला, “लई टाइम झाला ताई, बसा.” “एक मिनिट,” ती म्हणाली आणि इमारतीला वळसा घालून मागे धावली, जिथे ती एरवी कधी जात नसे. अंगणात आईच्या दोऱ्या होत्या, त्यांवर बाबांचे दोन लेंगे. शेवग्याची फुलं पडली होती. तिने लेंगे हाताने बाजूला सारले आणि वर पाहिलं.

खिडकीत बाबा होते. त्यांनी खुर्ची परत वळवून घेतली होती. ती अजून त्यांना दिसली नव्हती. त्यांचे डोळे भिंतीपलीकडे, विमानतळाच्या दिशेला होते. पण चेहरा होता, पुरा, समोरून, उन्हात. आणि ओठ हलत होते. काचेतून आवाज येत नव्हता. ती पाहत राहिली. दोन अक्षरं. थोडं थांबणं. पुन्हा दोन अक्षरं.

“ओ,” सावनी म्हणाली.